शिमग्याची ताडपत्री

सरूवहिनी कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिला मारून बघायच्या. मारून म्हणजे खरोखरच मारून. जर्मनचं पातेलं असलं तर ते दुकानाच्या पायरीवर दाणकन आपटायचं. ताट असलं तर गुडघ्यावर ठेवून वाकतंय का ते बघायचं. दोरी असली तर पायाच्या अंगठ्यात अडकवून दोन्ही हातांनी अशी खेचायची की दुकानदारानेच डोळे मिटावेत. बोरिवली स्टेशनजवळचा भांडीवाला त्यांना येताना बघून बरण्या मागे सरकवायचा.

"वहिनी, घ्यायचंय की भांडायचंय?" तो विचारायचा.

"आधी भांडते, मग घेते," वहिनी म्हणायच्या. "मार खाऊन टिकतं तेच घ्यावं. बाकीचं दुकानातच छान दिसतं."

साठीचं दशक संपता संपता मी साताऱ्याहून लग्न होऊन बोरिवली पूर्वेच्या आमच्या चाळीत आले, तेव्हा परबांचं बिऱ्हाड आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. सरूवहिनी ठेंगण्या, काळ्यासावळ्या, मनगटं पुरुषासारखी रुंद. औषधांच्या एका कारखान्यात बाटल्या धुवायला जायच्या. त्यामुळे हात कायम पांढुरके आणि सुरकुतलेले. नवरा वसंत परब, मरोळला एका कारखान्यात फिटर. सुलभा नावाची मोठी मुलगी शाळेत हुशार आणि तिच्या पाठीवरचा बबन जेमतेम. माणसं मालवणकडची. वहिनी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलायच्या, पण राग आला की थेट गावात पोचायच्या.

या बाईचं एक वेड चाळीत प्रसिद्ध होतं. दरवर्षी शिमग्याला त्या दोन्ही मुलांना घेऊन जंगलात राहायला जायच्या. राहायला म्हणजे ताडपत्रीचा तंबू ठोकून, तीन दगडांवर भात शिजवून. त्या काळी तंबूत राहायचं ते मिलिटरीनं नाहीतर सर्कशीनं. आमच्यासारखी माणसं फार तर नॅशनल पार्कात डबा घेऊन जायची आणि दिवेलागणीला घरी यायची. महाशिवरात्र झाली की वहिनींची खरेदी सुरू व्हायची. बेकरीतून तुटकी बिस्किटं, वाण्याकडून तांदळाची कणी, गुळाच्या ढेपेचा उरलेला तळ, चर्चबाहेर मिळणारे मेणबत्त्यांचे तुकडे, टवके उडालेली ताटं, पोचा आलेला कंदील. जे कुणी घेत नाही ते सगळं वहिनींच्या खाटेखालच्या खोक्यात.

"परबीण निघाली शिकारीला!" चाळीतले पुरुष हसायचे.

"येताय का? शिकार कमी पडली तर तुम्हाला भाजू," वहिनी म्हणायच्या. मीही हसायचे. हौशी बाई, असं माझ्या माहेरी पत्रात लिहिल्याचंही आठवतं.

माझ्या पहिल्या शिमग्याला मात्र त्या गेल्या नाहीत. ऐन वेळी बबनला गोवर निघाला आणि त्यांना घरी राहावं लागलं. त्या संध्याकाळी मला कळलं की हौस वगैरे काही नव्हती.

परब भावोजी एरवी देवमाणूस. हे चाळीचंच मत होतं. कुणाचा नळ गळतोय, कुणाचं दार लागत नाही, भावोजी पान्हा घेऊन हजर. मुलीची पुस्तकं जूनमध्ये स्वतः आणायचे आणि खाकी कागदाची कव्हरं घालून त्यावर तिचं नाव काढायचे. पण शिमगा आला की त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बदलायचं. गावी देवीच्या पालखीला पहिला खांदा परबांच्या घराचा. भावकीच्या मोठ्या भांडणात तो मान चुलतभावाने हिसकावला होता, आणि तेव्हापासून भावोजींनी शिमग्याला गावी जाणं सोडलं होतं. तिकडे पालखी उठायची त्या दिवशी हे इकडे हातभट्टीची ढोसायचे. गावात गेलेला मान मग घरात वसूल व्हायचा.

चाळीसमोर होळी पेटली होती. पोरं तोंडावर हात मारून बोंबलत होती. भावोजी घरातून सुलभाचं दप्तर घेऊन आले आणि एकेक पुस्तक आगीत टाकू लागले. स्वतः कव्हर घातलेली पुस्तकं. "शिकून मला शिकवतली? घरात पण माझा मान नाय?" असं काहीतरी ओरडत होते. सुलभा आगीत हात घालायला धावली तेव्हा त्यांनी तिला लाथ मारली. वहिनी मध्ये आल्या. भावोजींनी त्यांचे केस धरले आणि डोकं नळाच्या खांबावर आपटलं. एकदा नाही. मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळचा आवाज मला आठवतो. मग घरात जाऊन त्यांनी खाटेखालची ताडपत्री ओढत आणली. "ही तुझी सहल!" म्हणून तीही होळीत टाकली. डांबराचा काळा धूर चाळभर पसरला.

आणि चाळ काय करत होती? चाळ उभी होती. "अहो परब, पुरे आता," असं दोघे-तिघे लांबून म्हणाले. सावंतकाका म्हणजे आमच्या चाळीतलं सगळ्यात वडील माणूस, मुंगीलाही वाट देणारं. ते मान हलवत म्हणाले, "शिमगा आहे रे बाबांनो. आज कोण कुणाचं ऐकतो? उद्या उतरेल."

उतरलीच. दुसऱ्या दिवशी भावोजी दारात बसून बायकोच्या कपाळाला हळद लावत ढसाढसा रडत होते. येणारे-जाणारे म्हणत होते, बघा, मनाने किती हळवा! मला शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर वर्षभर वहिनींनी ती गोष्ट काढली नाही. सुलभाने मैत्रिणींच्या वह्या उतरवून दहावी पार केली. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची; पुढच्या मार्चमध्ये तिची ती होती, आणि पेपर शिमग्यानंतर लगेच. महाशिवरात्र झाली आणि वहिनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चल गं, कुर्ल्याला जायचंय. ताडपत्री घ्यायची."

कुर्ल्याच्या भंगारबाजारात लॉऱ्यांच्या जुन्या ताडपत्र्या मिळायच्या. वहिनींनी पाच दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी ताडपत्रीवर उभं राहून मला दुसरं टोक खेचायला लावलं. दुसऱ्या ठिकाणी दातांनी शिवण उसवून दाखवली. शेवटच्या दुकानात त्यांनी एक ताडपत्री जमिनीवर पसरली आणि बाजूचा बांबू उचलून तिला बडवायला सुरुवात केली.

"ओ बाई, फाडेगी क्या?" दुकानदार ओरडला. मेहंदी लावलेल्या दाढीचा धिप्पाड म्हातारा.

"फटा तो मेरा नहीं, तुम्हारा," वहिनी बडवता बडवता म्हणाल्या.

तेवढ्यात गर्दीतल्या एका टग्याने जाता जाता माझ्या कमरेला चिमटा काढला. मी ओरडले असेन. वहिनींनी मान वळवली, बांबूची दिशा बदलली आणि तो त्याच्या तोंडावर आडवा बसला. नाकातून रक्ताची धार लागली. तो शिव्या देत पुढे आला तेव्हा त्यांनी दुसरा घाव गुडघ्यावर घातला आणि तो खाली बसला. मग वहिनी पुन्हा ताडपत्रीकडे वळल्या.

"हां, तर काय म्हणत होते मी? हिची ही कड उसवलीये. कमी कर."

म्हातारा पोट धरून हसला. मग दोन पुरुष उंचीची एक ताडपत्री दाखवून म्हणाला, ही मोठी घ्या, घरवाला पण आरामात झोपेल.

"आदमी नहीं आनेका," वहिनी म्हणाल्या. "वो मारता है. वो आए नहीं, इसलिए तो जाती मैं."

इतक्या सरळ त्यांनी ते सांगितलं की मला तिथेच रडू आलं. म्हाताऱ्याने हसणं थांबवलं. त्याने लहान ताडपत्रीची घडी केली, तिच्यात काथ्याच्या जाड दोरीचं एक भेंडोळं ठेवलं आणि दोरीचे पैसे घेतले नाहीत. वहिनींनी ती दोरीही अंगठ्यात अडकवून खेचून बघितलीच.

परतताना त्या म्हणाल्या, "शिमग्याचे दोन दिवस गं. तेवढे काढले की वर्ष निघतं. आणि यंदा सुलूची मॅट्रिक. यंदा तिच्या पुस्तकाचं एक पान जरी जळलं ना, तर मी त्याला जाळीन."

त्या वर्षी माझा नवरा कामासाठी साताऱ्याला गेला होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले. होळीच्या सकाळी, भावोजी झोपेत असताना. जागा दहिसर नदीच्या वरच्या अंगाला, जंगलात. तिथे मार्चमध्येही एक खोल डोह भरलेला असायचा. काठावर जांभळाचं मोठं झाड. कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून वहिनींनी ती जागा एकट्या सावंतकाकांना सांगून ठेवली होती. ती गुप्त ठेवा, असं मात्र बजावलं नव्हतं, कारण तसं बजावायची वेळ कधी आली नव्हती.

दुपार सुरेख गेली. बबन खेकडे धरत होता. सुलभा डोहाकाठच्या खडकावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती, ओठ हलवत. पेज शिजत होती. वहिनी पाय पसरून बसल्या आणि त्यांनी मला गावची गाणी म्हणून दाखवली. त्यांना असं सैल बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

इकडे चाळीत काय झालं ते मला नंतर कळलं. भावोजी उठले, घर रिकामं पाहून पायरीवर बसले. शुद्धीत होते. सावंतकाकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. सणाच्या दिवशी शेजारच्या घरात पुरण शिजलं नाही की आपल्याकडून डबा पाठवायचा, ही आमच्या चाळीची रीत. काका डबा घेऊन गेले तर भावोजींच्या डोळ्यांत पाणी. "काका, होळीची पोळी पोरांबरोबर खाल्ली असती हो. पोरांशिवाय घशाखाली उतरणार नाही." झालं! काकांचं मन ते. सणाच्या दिवशी बाप एका ठिकाणी आणि पोरं दुसऱ्या ठिकाणी, आणि पोळी डब्यात, हे त्यांना सहनच होईना. म्हणाले, "चल, मी तुला नेतो." वाटेत जंगलाच्या तोंडाशी भट्टी होती. भावोजी म्हणाले, पाणी पिऊन येतो. ते पाणी पिऊन बऱ्याच वेळाने आले, आणि काकांना तेव्हाही वाटलं की पोरांना बघितल्यावर हा निवळेल.

झाडीतून आधी काकांचं हसरं तोंड दिसलं. हातात डबा. त्यांच्यामागे भावोजी. वहिनी ताडकन उठल्या.

"काका, काय केलंत हे?" एवढंच त्या म्हणाल्या.

भावोजी लाडात येऊन डबा उघडू लागले. बबनला घास भरवला. मग सुलभाला हाक मारली. तिने वर पाहिलं, पण उठली नाही.

"बापूस इलो तरी उठूक होत नाय तुका?"

डबा त्यांनी लाथेने उडवला. पोळ्या मातीत पडल्या. काका "वसंता, वसंता" करत आडवे गेले तर त्यांना असा धक्का दिला की म्हातारा खडकावर आपटला आणि भुवई फुटली. भावोजींनी सुलभाच्या हातातलं पुस्तक ओढून डोहात फेकलं. पोरीने मागचापुढचा विचार न करता पाण्यात उडी घेतली. पुस्तक घेऊन ती काठावर चढत होती तेव्हा त्यांनी तिची वेणी धरली, तिला दगडांवरून फरफटत वर ओढली आणि चुलीजवळचं जाड लाकूड उचललं. सुलभाचा उजवा हात पुस्तकासकट दगडावर होता. भावोजी त्या हाताकडेच बघत होते.

"मेल्या, माझ्या चेडवाक हात लावलंस तर बघ!"

वहिनी मध्ये पडल्या आणि लाकूड त्यांच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा, अगदी बारीक. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी धड हाताने चुलीवरचं पातेलं उचललं, भांडीवाल्याच्या पायरीवर आपटून घेतलेलं, आणि उकळती पेज नवऱ्याच्या छातीवर ओतली. तो किंचाळत मागे गेला. त्यांनी रिकामं पातेलं त्याच्या डोक्यात घातलं. तो तंबूत कोसळला, बांबू निसटला आणि सगळी ताडपत्री त्याच्या अंगावर आली. वहिनी तिच्यावर चढून बसल्या. आतून हातपाय झाडत तो शिव्या घालत होता आणि त्या ठोसे घालत होत्या. गेल्या सगळ्या शिमग्यांचे ठोसे. तोंडातून नुसतं "घे, घे, घे" येत होतं. आतला आवाज मंदावला तरी त्या थांबेनात.

"आई, पुरे!" सुलभा ओरडली. "मरेल तो!"

त्या थांबल्या. मला वाटतं, ती ओरडली नसती तर थांबल्या नसत्या.

"सुलू, दोरी घेऊन ये," त्या धापा टाकत म्हणाल्या.

दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं सुलभाच्या. आम्ही ताडपत्रीची वळकटी करून त्याला जांभळाच्या बुंध्याला आवळला, डोकं तेवढं बाहेर ठेवून. त्याने जोर लावून पाहिला, झाडाची पानं हलली, पण काथ्या तुटला नाही आणि कापड फाटलं नाही. सावंतकाका भुवईला धोतर धरून लहान मुलासारखे रडत होते. त्यांनी पुढे कधी होळीची पोळी खाल्ली नाही.

सकाळी त्याची उतरली. भाजलेल्या छातीवर फोड आले होते.

"सोड गो माका," तो रडत म्हणाला.

वहिनी पाठमोऱ्या बसून एका हाताने पुस्तकाची ओली पानं उन्हात उलटत होत्या. दुसरा हात पदराने गळ्यात बांधलेला, सुजून दुप्पट झालेला. त्या रागात होत्या, पण मालवणी बोलल्या नाहीत. परक्या माणसाशी बोलावं तशा सावकाश बोलल्या.

"सोडते. इथून मरोळला जायचं. कारखान्यातल्या कुणाकडेही राहा. पोरीचा शेवटचा पेपर होईपर्यंत घरात पाय ठेवायचा नाही. ठेवलास तर ताडपत्री घरात आहे, मीही आहे."

तो गेला. आणि खरोखर आला नाही. पानं वाळल्यावरच त्या हाडवैद्याकडे गेल्या. हाड उशिरा बसवलं ते वाकडं बसलं, कोपराखाली एक उंचवटा कायमचा राहिला. सुलभाने मॅट्रिक दिली आणि भूमितीत तिला शाळेत सगळ्यात जास्त मार्क पडले. त्या पुस्तकाची पानं शेवटपर्यंत फुगलेली होती.

त्यानंतर दर शिमग्याला भावोजी आपणहून पिशवी घेऊन मरोळला जायचे. उरलेलं वर्ष पुन्हा नळ दुरुस्त करायचे आणि चाळ पुन्हा देवमाणूस म्हणायची. कुणी म्हणायचं, बिचाऱ्याची सणावारी परवड होते. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

सुलभा टेलिफोन खात्यात लागली. तिला मुलुंडचं एक स्थळ आलं तेव्हा वहिनींनी मुलाला बघायला नेमका धुळवडीच्या दिवशी बोलावला. असलं कुणी ऐकलं नव्हतं. मुलगा पांढराशुभ्र शर्ट घालून आला. बबनने, अर्थात आईच्या सांगण्यावरून, दारातच त्याच्या डोक्यावर बादली उपडी केली. मग गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला. वहिनी समोर बसून टक लावून बघत होत्या.

"तोंड काय, सगळेच हसतात गं," त्या नंतर मला म्हणाल्या. "मी हात बघत होते. मूठ वळते का ते." मुलाने शर्ट काढून पिळला, दोरीवर वाळत टाकला आणि बनियनवर बसून दुसरा कप मागितला. पसंत झाला.

लग्न शाळेच्या हॉलमध्ये झालं. आम्ही त्याच महिन्यात बोरिवली सोडून साताऱ्याला परत जाणार होतो. त्यामुळे वहिनींना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. रुखवत मांडलं होतं. बुंदीच्या लाडवांचा ढीग, चिरोटे, स्टीलचे डबे, लोकरीचं तोरण. आणि मधोमध, ठिगळं लावलेली, चौकोनी घडी केलेली ताडपत्री. वर काथ्याच्या दोरीचं भेंडोळं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पेढ्यांचं तबक घेऊन फिरणाऱ्या परब भावोजींनी ती पाहिली आणि ते तबकासकट बाहेर निघून गेले.

मुलाची आई वयस्कर, विधवा. ती पुढे आली. "हे काय ठेवलंय?"

"सहलीचं सामान," वहिनी म्हणाल्या. "वापरायला लागू नये. तुमचा मुलगा चांगला आहे, मी बघितलाय. तरी पोरीजवळ असू दे."

त्या बाईंनी एकेका ठिगळावरून बोट फिरवलं. मग वहिनींच्या वाकड्या हाताकडे पाहिलं, मग भावोजी गेले त्या दाराकडे. त्यांच्या स्वतःच्या गालावर एक जुना, पांढरा व्रण होता, तो मला तेव्हा दिसला.

"टिकेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

वहिनींनी वाकडा हात वर उचलला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर ताडपत्रीवर थाडकन हाणला. लाडवांवर धूळ उडाली.

"मार खाल्लेली आहे," त्या म्हणाल्या. "टिकेल."